जवळच्यांचा दर

सेलम, २८ फेब्रुवारी

आनि एवढं बोलून तू फोन ठेवलास. "तुम्हाला फोनवर नुसतं ओरडता येतं, काय म्हणायचं ते लिहून पाठवा." बरं. लिहितो. सातवी नापास मानसाचं अक्षर वाचायची हौस हाय तर वाच. सिद्धू ड्रायव्हर उद्या ट्रॅव्हल्स घिऊन विट्याला निघतोय, त्याच्याकडं देतो. आज अवस, भट्टी बंद हाय, म्हनून बसलोय लिहीत.

पयला सवाल तोच, जो फोनवर अर्धा राहिला. चंद्रा आत्या म्हंजी कोन? माझ्या बापाची सख्खी भन. बाप गेला तवा रहिमतपुरात वर्षभर तिनं मला जेवायला घातलंय. तिच्या पोरीचं लगीन, सहा ब्लाउज शिवायचं, आनि तू तिला तोंडावर सांगितलंस, "आत्या, तीन हजार आठशे पन्नास होतील"? फोनवर रडली ती. म्हनली, "कृष्णात, तुझ्या बायकूनं मला गिऱ्हाईक केलं रं."

कापड तिचं. दोरा किती रुपयाचा? हुक किती रुपयाचं? मी चांदी गाळतो स्वप्ना, मला भाव कळतो. वस्तू असती, तिचं वजन असतं, वजनाला भाव असतो. तू कशाचा भाव लावतीस? खुर्चीत बसून मशीन मारतीस त्याचा?

दुसरं. तुझं स्टेटस बघितलं. गाळ्यावर नवा बोर्ड. "शिलाई तासाच्या हिशोबाने. ओळख असली तरी दर तोच." वा. आनि बोर्डाच्या शेजारी पँटीत शर्ट खोचून उभा हाय तो कोन? हसतोय तर असा, जसा गाळा त्याच्या बापानंच घिऊन दिलाय. धुळ्यानं फोटो मला पाठवून खाली लिहिलंय, "वहिनी आणि मुकुल सर." माझा शाळंतला दोस्त, त्याला म्हाईत हाय सर कोन, आनि मला न्हाई. मी हितं भट्टीच्या धगीत भुवया जाळतोय सहा वर्षं, आनि फोटोत दुसराच.

भट्टी ज्यांची त्या राजाराम मामांना दाखवला फोटो. मामा म्हनलं, "आपल्यात जवळच्याकडनं पैसं घेत न्हाईत पोरा. ज्याच्याकडनं घेतलं तो परका झाला." खरं हाय. मामांनी मला कधी पगार म्हनून शब्द उच्चारलाय का? घरचा म्हनून ठेवलंय, हातखर्चाला देत्यात, एक दिस दुकान लावून देनार हायेत. ह्याला म्हनायचं जवळचं.

आत्याकडनं पैसं घिऊ नको. बोर्ड काढ. आनि मुकुल कोन ते लिही.

कृष्णात


माधवनगर, ८ मार्च

अहो,

पत्र मिळालं. सिद्धूनं गाळ्यापुढं ट्रॅव्हल्स उभी करून हॉर्न मारला आणि खिडकीतून ओरडला, "वहिनी, साहेबांचा कागद आलाय." अख्ख्या गल्लीला कळलं. अक्षर तुमचं वाईट नाही. राग वाईट आहे.

आत्यांचं सांगते. नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्यांवर आणि पाठीवर आरीचं काम आहे. कापड चौकटीवर ताणायचं आणि खालून दोरा धरून एकेक मणी सुईनं वर ओढायचा. तीन दिवस मान वर होत नाही. बाकीचे पाच अस्तराचे, एकेकाला अर्धा दिवस. म्हणजे ऐन लग्नसराईत आठवडाभर मी दुसरं काम घ्यायचं नाही. दोरा किती रुपयांचा, विचारता. दोरा स्वस्तच आहे. महाग मी आहे. तासाला सत्तर रुपये.

मागच्या दिवाळीत काय झालं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्या गावच्या बायका एकेक करून आल्या. "कृष्णातची बायको न्हवं का तू?" म्हणायच्या आणि पिशवी ठेवायच्या. मी शिवत गेले. बाहेरच्या बायकांचे कपडे राहिले, त्या दुसरीकडं गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तुमच्या गावच्यांनी मात्र जाताना चिवडा दिला. चिवड्यानं गाळ्याचं भाडं देता येत नाही. ते थकलं. मालक म्हणालेत, एप्रिल संपेपर्यंत थकलेलं द्या, नाहीतर किल्ली आणून द्या.

आत्यांचे पैसे आले की भाडं फिटतं. गाळा तेवढ्यावर उभा आहे. म्हणून बोर्ड काढणार नाही आणि दर कमी करणार नाही.

मुकुल सर मला हिशोब शिकवतात.

आईंचं एक सांगायचं राहिलं. त्या हुक लावतात आणि कडेची हातशिलाई करतात, त्यांचाही तास मी धरते. पहिल्या पैशांतून त्यांनी मिश्रीची डबी आणि नवी चप्पल आणली. कुणाला विचारलं नाही. आता चप्पल घालून गाळ्यात येतात आणि दारातच काढायला विसरतात, मुद्दाम.

स्वप्ना


सेलम, २९ मार्च

मुकुल सर मला हिशोब शिकवतात. बास? एवढंच? आरीच्या सुईवर धा वळी लिहिल्यास आनि त्याच्यावर एक? जास्त लिहायला काय नव्हतं का लिहिता येत नव्हतं?

तू लिहिलं न्हाईस म्हनून मी धुळ्याला सांगितलं, जरा लक्ष ठिव. ठेवलं त्यानं. गाळ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन दिस बसला, चहाचं पैसं मीच पाठीवलं. तो सांगतो, मुकुल पिशवी घिऊन आला. तू हसून घेतलीस. दुसऱ्या दिवशी आला, तू पिशवीतनं ब्लाउज काढून दिलास, त्यानं खिशाकडं हात नेला, आनि तू म्हनलीस, "अहो, नको नको." पैसं घेतलं न्हाईस. धुळ्यानं कानानं ऐकलंय.

ओळख असली तरी दर तोच, असं बोर्डावर लिहिलंयस ना? मग आता तूच सांग. बापाच्या भनीला तीन हजार आठशे पन्नास, आनि मुकुलला फुकट. तुझ्या जवळचं कोन हाय ते मी ह्यातनं काय समजायचं? मी येडा हाय का?

आनि माझ्या आईला मजुरी! सुनंकडनं सासूनं मजुरी घ्यायची! मामा ऐकून म्हनले, "उद्या ही तुला पन बिल देईल." खरंच विचारतो. दिवाळीला घरी आलो आनि शर्टाचं बटन तुटलं, तर त्याचा पन तास लावशील?

हितं मन लागत न्हाई. कानपूरला एकजन बोलवतोय, तिथं जावं म्हनतो. न्हाईतर दुबईला. एक जागा धरून काय भेटलं मला? चांदी गाळायची मूस भट्टीत ठेवली की मला वाटतं त्यात मीच हाय, चांदी न्हाई.

आत्याचं काय करायचं ते मी बघितलंय. तू त्यात बोलू नको.

कृष्णात


माधवनगर, ६ एप्रिल

अहो,

धुळाभावजींना सांगा, उद्यापासून आत येऊन बसा. आईंनी त्यांना पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणाल्या, "एवढा चहा पितोय, कुनाच्या पैशानं गं?"

मुकुल सरांबद्दल मी मुद्दाम एकच ओळ लिहिली होती. तुम्ही जळावं म्हणून. आत्यांचं ऐकून तुम्ही मला एवढं बोललात, मला वाटलं जळू दे जरा. आता सगळं लिहिते.

ते इथल्या दुकानदारांचे हिशोब लिहून देतात. मी त्यांच्याकडं पाच वेळा गेले. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर माझ्या कामाची चौकशी केली, मग म्हणाले, "ताई, तीनशे रुपये." मी म्हणाले, "कशाचे? तुम्ही तर नुसतं बोललात." ते म्हणाले, "तास गेला ना माझा." मला इतका राग आला की रिक्षा न करता चालत आले. चालता चालता कळलं की मीसुद्धा असंच म्हणायला पाहिजे होतं. तीनशे रुपयांत मी तेवढंच शिकले, पण ते वसूल झाले.

पाचही वेळा त्यांनी तीनशे घेतले. एकदाही सोडले नाहीत. आता तुमच्याच हिशोबानं बघा. जवळच्याकडनं पैसे घेत नाहीत ना? मग ज्यांनी माझ्याकडनं पंधराशे घेतले, त्यांच्यावर तुम्ही जळताय?

ब्लाउजचं. तो त्यांच्या बायकोचा, भार्गवीताईंचा. मी मुंढ्यात, बाही जोडते तिथं, कमी कापला होता, हात वर होईना. चूक माझी. माझ्या चुकीचा तास मी गिऱ्हाइकाच्या नावावर टाकत नाही, मग ते कुणीही असो. हे धुळाभावजींना ऐकू आलं नसेल, मध्ये टपरीवाल्याच्या स्टोव्हचा आवाज होता.

आईंनी तुमच्या पत्रातला मजुरीचा भाग मला मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाल्या, "त्याला लिही, तुझा बाप असताना मी वीस वर्षं गोधड्या शिवल्या, कुनी एक रुपया दिला न्हाई, तवा कुनाला लाज वाटली न्हाई."

बटणाचा तास लावणार नाही. पण बटण लागेपर्यंत समोर बसायचं, मोबाईल बाजूला ठेवून. तेवढं घेईन.

आत्यांचे सहाही ब्लाउज होत आले. नवरीचा तर असा झालाय की गिऱ्हाइकं फोटो काढून नेतायत. आत्या पंधराला न्यायला येतील. आत्यांचं तुम्ही काय बघितलंय, ते कळलं नाही. लिहा.

स्वप्ना


सेलम, १३ एप्रिल

तीनशे? तासाला? काय करतो काय तो, सोनं गाळतो? आमच्या हितं तीनशे रुपयाला मानूस दिसभर भट्टीपुढं उभा ऱ्हातो. खुर्चीत बसून बोलायचं आनि तीनशे!

त्याचा तास तीनशेचा आनि तुझा सत्तरचा. रातभर झोप न्हाई मला. तुझ्यावर संशय होता तवा पन एवढी झोप उडाली नव्हती.

आत्याचं विचारलंस. मी तिला फोन करून सांगितलंय, पैसं द्यायचं न्हाई, माझ्या घरचा आहेर समज. तुला आधीच सांगनार होतो, राहिलं. तू विषय काढू नको, तिच्या हातात ब्लाउज दे आनि हसून दे. माझी इज्जत ऱ्हाऊ दे रहिमतपुरात. भाड्याचं बघू काहीतरी, मामांना विचारतो.

कृष्णात


माधवनगर, २० एप्रिल

अहो,

तुमचं पत्र सतराला आलं. आत्या पंधरालाच येऊन गेल्या.

मी सहा ब्लाउज घडी घालून पिशवीत भरले आणि आकडा सांगितला. आत्या म्हणाल्या, "अगं, कृष्णातनं आहेर केलाय. तुला ठाव न्हाई?" मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं काय दिलंय ते मला आत्यांनी सांगितलं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर.

मनात आलं, पिशवी मागं ओढावी. पण नवरीचा ब्लाउज अडवून ठेवायचा हे माझ्यानं होणार नव्हतं. दिली. आई कात्री हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, आहेर माझ्या लेकाचा. हात हिचं. माझं पन. माझ्या हुकांचं तरी द्या." आत्या निघून गेल्या. आज तिकडं अक्षता पडल्या असतील. आम्ही दोघी गेलो नाही.

आहेर करायला माझी हरकत नव्हती हो. तुमच्या आत्या, तुम्ही करायचा. पण तुम्ही माझा आठवडा उचलून दिलात, तुमचा नाही.

मालकांना सांगितलंय, तीस तारखेला किल्ली देते. मशीन घरी आणेन. घरी आणली की परत सगळ्या म्हणतील, घरीच तर असतेस.

एकच विचारते. टोमणा नाही. मुकुल सरांनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. तुमचा तास कितीचा आहे?

स्वप्ना


सेलम, २७ एप्रिल

स्वप्ना,

बारा रुपयाचा.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी दुकानात बसूनच काढलं. मामा महिन्याला पाच हजार हातखर्च देत्यात. सकाळी सातला भट्टी पेटते, जेवन-आंघोळ सोडली तर चौदा तास. मोबाईलवर भागाकार केला, चुकला वाटलं म्हनून परत केला. बारा पन पुरतं न्हाईत. मी तुझ्यावर जळत हुतो. मुकुलवर न्हाई, तुझ्यावर. तुझा बोर्ड बघितला तवापासनं. बायकूनं आपल्या तासाला भाव लावला आनि गल्लीनं तो दिला, हे मला गिळत नव्हतं. मुकुलचं नाव घेतलं की बरं वाटायचं, कारन त्याच्यावर जळायला लाज वाटत न्हाई.

मामांपाशी गेलो. ते चांदीचा टंच, म्हंजी शुद्धपना, बघत हुते. म्हनलो, "मामा, माझा पगार ठरवा." त्यांनी मान वर न करता विचारलं, "बायकूचं पत्र आलं काय?" म्हनलो, "आलं." "जेवन कोन घालतं तुला?" "तुमी घालताय, पन जेवन धरून सांगतोय." "दुकान लावून देनार हाय ना तुला?" "कवा, मामा?" तवा मान वर केली. म्हनले, "तू घरचा हायस रं. घरच्याला कुठं पगार असतो?" मी म्हनलो, "परका करा मला, पर पगार द्या."

मामी आत भाकरी थापत हुती, तिचा हात थांबला. मामांनी मान परत खाली घातली. अजून बोलत न्हाईत. ताटात भाजी वाढत्यात, पन माझ्या तोंडाकडं बघत न्हाईत. मला मामांचा राग न्हाई आला, खरं सांगतो. त्यांच्या मामानं त्यांना असंच ठेवलं आसनार.

पन दुपारी मी त्यांना सांगून टाकलं, जेवल्यावर पाचपतोर भट्टीवर बसनार न्हाई. आनि पलनीकडं गेलो. पलनी म्हंजी आमच्या गल्लीतला पैंजनवाला. त्याच्या कारखान्यात महिनोन् महिने चांदीचा कीस आनि झाडलोट साठून ऱ्हाती, ती गाळून चांदी काढायचं काम मी कवा कवा जाऊन करून द्यायचो. तो चहा पाजायचा, पाठीवर थाप मारायचा, "मराठी तंबी" म्हनायचा, म्हंजी धाकटा भाऊ. मी खूश. ह्या वक्ताला चहाचा पेला हातात घ्यायच्या आधी म्हनलो, "एक घंटे का डेढ सौ." बोललो आनि कान गरम झालं माझं. दीडशे कुठनं आलं तोंडात, मलाच ठाव न्हाई. तुझ्यापेक्षा जास्त आनि मुकुलपेक्षा कमी, असं काहीतरी डोक्यात आसनार.

पलनीनं चहाचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, गेला चहा पन. आनि तो म्हनतो, "पहले क्यों नहीं बोला?"

बास. एवढंच. पाठीमागं वळून पोत्याकडं हात केला आनि म्हनला, हे सगळं कर. पाच दिस दुपारभर केलं. रोज उठताना पैसं हातात. घासाघीस न्हाई, चेहरा वाकडा न्हाई. सहा वर्षं मी चहावर गेलो कारन मीच त्याला आकडा सांगितला न्हाई.

पयल्या दिवशी पैसं घिऊन बाहेर पडलो आनि पयल्यांदा तुझ्या जागी बसून बघितलं. हेच पैसं कुनी मला न विचारता आहेर म्हनून दिलं असतं तर? मी त्याची गचांडी धरली असती. तू नुसतं लिहिलंस.

आत्याला फोन केला. म्हनलो, आहेर माझाच हाय, तुझ्याकडनं काय नको, पन स्वप्नाला तू चार बायकांसमोर बोललीस ते बरं न्हाई केलंस, आनि मी त्याच्याहून वाईट केलं. ती म्हनली, "नवरीचा ब्लाउज सगळ्यांनी हात लावून बघितला रं. कितीला शिवला विचारत हुत्या." मी म्हनलो, "मग काय सांगितलंस?" "न्हाई सांगितलं," म्हनली. म्हनलो, "आकडा सांग आत्या. खरा आकडा सांग. गिऱ्हाईक येईल तिच्याकडं."

आईला सांग, तिच्या हुकांचं ह्यातच हायेत, तू दे. ती चप्पल घालून गाळ्यात आली तर येऊ दे.

कानपूर-दुबईचं डोक्यातनं गेलंय असं म्हननार न्हाई. गेलं न्हाई. पन आता कुठंबी गेलो तरी आधी तास सांगीन. मामांना मी दिवाळीपतोर वाट बघतो म्हनून सांगितलंय.

एक शर्ट हाय माझा, वरचं बटन तुटलेला. मामीनं मागितला लावायला, दिला न्हाई. पेटीत ठेवलाय. मोबाईल बाजूला ठेवून समोर बसंन, दिवाळीला. तासभर लागला तरी चालंल, सावकाश लाव.

आनि मुकुलवर मी अजून जळतो, हे पन लिहून ठेवतो, लपवत न्हाई. तीनशे! एक दिस त्याला माझ्यासमोर बसवून विचारीन, कसं म्हनायला जमलं पयल्यांदा. त्याचा तास भरीन.

सिद्धू आज संध्याकाळी निघतोय, परवा दिवशी सकाळी माधवनगरात. मालकाकडं किल्ली घिऊन जाऊ नको, भाडं घिऊन जा. पाकीट मी स्वतः चिकटवलंय. आहेर माझा होता, मग शिलाईचं पैसं पन माझ्याच हातनं. घरचं म्हनून मी काय कमी केलं न्हाई, तू पन करू नको. पलनीच्या पैशातनं पन्नासची भजी खाल्ली, ऱ्हायलेलं सगळं ह्यात हाय. सिद्धूसमोरच मोजून घे: तीन हजार आठशे पन्नास रुपये.

कृष्णात